नळी गार होईपर्यंत

नगररक्षक दलाच्या चांदमारीच्या मैदानावर एक जवान भर दिवसा, कामाच्या वेळेत, उलट्या खोक्यावर बसून डोळे मिटलेल्या अवस्थेत आढळून आला. पुढे जे काही झाले त्याची सुरुवात एवढीच आहे.

हा जवान दलातला सर्वांत अचूक नेमबाज होता. त्याला सगळे डुलक्या म्हणत. मैदानाचे प्रमुख असलेल्या उस्तादांच्या बायकोचा तो धाकटा भाऊ. उस्तादांचे अर्धे आयुष्य त्या मैदानावर गेले होते. एका बाजूला पत्र्याची शेड, समोर मातीचा उंच बांध, बांधाच्या पायथ्याशी लाकडी चौकटींत ताणून बसवलेली टार्गेटे आणि या दोन्हींच्या मधोमध सतत चालणारा ठोठो आवाज. त्या आवाजाने उस्तादांना उजव्या कानाने जरा कमी ऐकू यायचे. त्यामुळे साहेब लोकांची बोलणी ते उजवीकडून घेत आणि बायकोचे बोलणे डावीकडून. निदान घरी तरी ते तसे सांगत.

डुलक्याचे नेमबाजीचे तंत्र अगदी साधे होते. काही गोळ्या झाडल्या की रायफलची नळी तापते. तापलेल्या नळीतून गोळी सरळ जाईलच याचा भरवसा नाही. त्यात नळीवरून उठणाऱ्या गरम हवेमुळे समोरचे टार्गेट पाण्यात बुडवल्यासारखे हलायला लागते. असे झाले की डुलक्या नळीच्या मागचा बोल्ट उघडा करी, रायफल सावलीत उभी करून ठेवी आणि खोक्यावर बसून डोळे मिटून घेई. नळी हाताला सोसेल इतपत गार झाली की उठे, पुन्हा पालथा पडे आणि पुन्हा टार्गेटच्या मधोमध भोक पाडी. बाकीचे जवानही थोड्याफार फरकाने हेच करत. दल वर्षानुवर्षे आंतरदलीय स्पर्धेची ढाल जिंकत आले होते. या पद्धतीला काही नाव नव्हते, त्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्षही नव्हते.

मग नवे अधीक्षक आले. ते पाणीपुरवठ्यातून बदलून आले होते. नळाकडून नळीकडे झालेली ही बदली त्यांनी बढती मानली होती. आळसाचे समूळ उच्चाटन करणारे अधिकारी म्हणून त्यांची ख्याती होती. पाणीपुरवठ्यात असताना पाणी नसलेल्या नळांवरही त्यांनी माणसे उभी ठेवली होती, आणि ती माणसे हलताना दिसली पाहिजेत असा त्यांचा कटाक्ष होता. पहिल्याच फेरीत ते शेडजवळ थांबले, डुलक्याकडे पाहिले आणि उस्तादांना विचारले की हा माणूस काय करतोय.

खरे उत्तर ‘काही नाही’ असे होते. उस्तादांच्या ते ओठांवरही आले. पण मेहुण्याची नोकरी, घरी गेल्यावर बायकोचा चेहरा आणि आपलीही बढतीची वेळ जवळ आलेली, हे सगळे एका क्षणात त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकले.

“नळीचं शीतकरण चालू आहे, साहेब,” उस्ताद म्हणाले.

हा शब्द त्यांनी आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. फ्रीज दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या पाटीवर तो वाचला होता, तो असा ऐन वेळी मदतीला धावून आला. अधीक्षकांनी खात्री करून घेण्यासाठी नळीवर बोट टेकवले. बोट भाजले आणि प्रकरण शासकीय झाले.

शेडमागच्या नळाखाली बोट धरून अधीक्षकांनी चौकशी केली. शीतकरणासाठी सध्या कोणते साधन वापरले जाते?

“हवा, साहेब.”

“कुठली हवा?”

“आहे तीच.”

“म्हणजे मंजूर झालेली नाही,” अधीक्षक म्हणाले, आणि विचारात पडले.

पंधरवड्याच्या आत शीतकरण कक्ष स्थापन झाला. उस्तादांची प्रभारी शीतकरण अधिकारी म्हणून नेमणूक झाली. त्यांना शेडच्या टोकाची खोली, हात असलेली खुर्ची आणि दारावर पाटी मिळाली. इतकी वर्षे उभ्याने काम केलेल्या माणसाला हाताच्या खुर्चीचे काय वाटते, ते ज्याला ती मिळाली त्यालाच कळेल. त्या संध्याकाळी उस्तादांनी घरी जाऊन बायकोला सगळे नीट समजावून सांगितले. कक्षाची उद्दिष्टे सांगितली, कार्यकक्षा सांगितली. तिने भाजी निवडता निवडता सगळे ऐकून घेतले.

“म्हणजे वाट बघणार,” ती म्हणाली.

उस्तादांना हे लागले. तिला यातले काही कळत नाही, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले आणि ते झोपायला गेले.

कक्षाने पहिल्यांदा ओल्या फडक्याचा मार्ग स्वीकारला. तापलेल्या नळीवर ओले फडके गुंडाळले की नळी गार होते, यात खोटे काही नव्हते. पण फडके वाळते. ते पुन्हा ओले करायला माणूस लागतो, माणसाला बादली लागते, आणि बादली रिकामी होते. पाण्याचा विषय निघताच अधीक्षकांच्या अंगात उत्साह संचारला. त्यांनी मैदानापर्यंत स्वतंत्र नळजोडणी आणली आणि फडक्याचा टप्पाच वगळून नळीवर थेट पाणी सोडायला सुरुवात केली. चर्र आवाज होऊन वाफेचा लोट उठे. पाहुण्यांना हे फार आवडे. अधीक्षकांनी त्या वाफेपुढे उभे राहून फोटोही काढून घेतला. महिन्याभरात रायफलींचे बोल्ट गंजून करकरू लागले, तेव्हा पाण्याचा मार्ग सन्मानपूर्वक बंद करण्यात आला. गंज काढण्यासाठी नेमलेली माणसे मात्र तशीच राहिली.

त्यानंतर पंखा आला. उंच दांड्याचा, मान फिरवणारा, ऐसपैस पंखा. त्याची वायर मैदानाच्या कडेने ओढावी लागली, आणि वायर उघडी असल्यामुळे पंखा चालू असेपर्यंत कोणी जागचे हलू नये असा आदेश निघाला. पंखा एक आणि रायफली बऱ्याच, त्यामुळे रायफलींची रांग लागू लागली. पंखा मान फिरवतो हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. तो समोरच्या नळीला जितका वारा देई, तितकाच बांधावरच्या मातीला देई. ती माती उडून नळ्यांत बसे. मग नळ्या साफ करणे आले. साफ करताना दांडी घासून नळी पुन्हा कोमट होते असा एक अभिप्राय मिळाला, म्हणून साफ केलेली नळी पुन्हा पंख्यापुढे ठेवणे आले.

या काळात डुलक्याच्या वाट्याला दिवसाकाठी जेमतेम दोन-तीन गोळ्या येऊ लागल्या. तो तक्रार करणारा माणूस नव्हता. रायफल रांगेत असेपर्यंत तो खोक्यावर बसून राही. पण एकदा जेवायला बहिणीकडे आलेला असताना त्याने विषय काढलाच.

“दाजी, नळी आपली आपण गार होते.”

“मला माहीत नाही का ते?” उस्ताद म्हणाले.

“मग सांगा की साहेबांना.”

उस्तादांनी सांगितले. हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते धीर करून अधीक्षकांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले की साहेब, बोल्ट उघडा ठेवून थोडा वेळ नुसते थांबले तरी काम होते, पूर्वी आम्ही तेच करायचो. अधीक्षक रागावतील असे त्यांना वाटले होते. पण अधीक्षकांनी दार लोटून घेतले, चहा मागवला आणि पहिल्यांदाच माणसासारखे बोलले. मलाही कळते, असे ते म्हणाले. माझ्या आजोबांकडे शिकारीची बंदूक होती, तेही झाडाला टेकवून ठेवायचे. पण मला दर आठवड्याला वर कळवावे लागते की या आठवड्यात आपण काय केले.

“थांबलो, असं वर कसं कळवू?” त्यांनी विचारले, आणि ते खरोखरच उत्तराची वाट पाहत राहिले.

 उस्तादांनी चहा संपवला आणि ते उठले. बाहेर पडताना अधीक्षकांनी त्यांना वातानुकूलित खोली मंजूर झाल्याची बातमी दिली.

ही खोली मुळात जवानांच्या विश्रांतीसाठी बांधायला घेतली होती. आता तिथे काचेचे दार बसले, आत फोमच्या गाद्या आल्या आणि गाद्यांवर रायफली निजल्या. दारावर ‘पादत्राणे बाहेर काढावीत, शांतता राखावी’ अशी पाटी लागली. जवान काचेबाहेर उन्हात उभे राहून आतल्या रायफलींकडे पाहत. एकदा त्यांच्यातला एक चक्कर येऊन पडला. त्याला आत न्यावे असे कोणीतरी सुचवले. पण तो नळीच्या व्याख्येत बसत नसल्यामुळे उस्तादांना तशी परवानगी देता येईना. शेवटी त्याला शेडच्या सावलीत बोल्टसारखे मोकळे करून ठेवण्यात आले, म्हणजे गळ्याचे बटण आणि पट्टा सोडून. थोड्या वेळाने तो आपला आपण बरा झाला. यावरून कोणी काही निष्कर्ष काढला नाही.

खोलीतून बाहेर आलेली रायफल बर्फासारखी गार असे. बाहेरची दमट हवा लागली की तिच्या अंगावर दव धरे, नेम धरायची माशी ओली होई आणि नळीच्या आतून पाण्याचे थेंब निघत. अशा रायफलीची पहिली गोळी कुठे जाईल हे सांगणे कठीण होते. यावर विचारविनिमय होऊन उष्णीकरण कक्ष स्थापन झाला. त्याचे प्रमुखपद अधीक्षकांच्या कचेरीतल्या हेडक्लार्कला मिळाले. त्याने या कामी घोंगड्या आणि मोठे दिवे मागवले. रायफल शीतकरणातून निघे, पलीकडच्या दाराने उष्णीकरणात जाई, आणि मुळात जितकी गरम असायला हवी होती तितकी गरम होऊन बाहेर येई. दोन्ही कक्ष आपापले काम चोख करत होते. भांडण झाले ते मधल्या रायफलीवरून.

गार नाही आणि गरमही नाही, अशी कोमट रायफल नेमकी कोणाची, हा प्रश्न एका सोमवारी उपस्थित झाला. हेडक्लार्कचे म्हणणे होते की गारपणा पूर्ण उतरल्याशिवाय ती आपल्या ताब्यात येऊ शकत नाही. उस्तादांचे म्हणणे होते की गारपणा उतरवणे हे शीतकरण अधिकाऱ्याचे काम असूच शकत नाही. ते त्याच्या पदाच्या विरुद्ध आहे. हा मुद्दा उस्तादांनी इतका ठासून मांडला की मांडून झाल्यावर त्यांचे त्यांनाच नवल वाटले. समन्वय समिती बसली. समिती बसलेली असेपर्यंत रायफली दोन दारांमधल्या बोळात उभ्या होत्या.

त्याच बोळातून डुलक्याने आपली रायफल उचलली. स्पर्धा तोंडावर आली होती आणि त्याला सराव हवा होता, एवढेच. त्याने मैदानावर जाऊन गोळ्या झाडल्या. नळी तापल्यावर बोल्ट उघडा केला, रायफल सावलीत उभी केली आणि खोक्यावर बसून डोळे मिटले. समितीच्या बैठकीतून बाहेर पडलेल्या अधीक्षकांनी आणि हेडक्लार्कने हे पाहिले. हेडक्लार्कने नळीला हात लावला. नळी गार होती. ती कोणी गार केली याची कुठेही नोंद नव्हती.

डुलक्यावर अनधिकृत शीतकरणाचा आरोप ठेवण्यात आला. चौकशी विषयातल्या तज्ज्ञाने करावी असा नियम असल्यामुळे ती उस्तादांकडे आली. हाताच्या खुर्चीत उस्ताद, शेजारी हेडक्लार्क आणि समोर टोपी काखेत धरून उभा असलेला मेहुणा.

“रायफल कोणी गार केली?” उस्तादांनी विचारले.

“कोणी नाही.”

“मग ती गार कशी झाली?”

“झाली, दाजी.”

“इथं दाजी म्हणायचं नाही.”

“झाली, साहेब.”

हेडक्लार्क खाली मान घालून लिहीत होता. त्या क्षणी उस्ताद उठून उभे राहिले असते आणि म्हणाले असते की अहो, यात चौकशी कसली, नळ्या अशाच गार होतात, तर कदाचित सगळेच हसले असते आणि कारभार तिथेच आटोपला असता. उस्तादांच्या हे मनात आले नाही असे नाही. पण त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर होते, आणि खुर्चीचे लाकूड एव्हाना त्यांच्या कोपरांना ओळखू लागले होते. बडतर्फी टाळायची असेल तर बदली हाच मार्ग आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. डुलक्याला बंदराच्या रखवालदार दलात पाठवण्यात आले. त्या दलाने नेमबाजीत आजवर काहीही जिंकले नव्हते. त्यांच्याकडे जुन्या रायफली, एक छपरी आणि समुद्राचा वारा एवढेच होते.

बायको भांडली असती तर उस्तादांना बरे वाटले असते. ती भांडली नाही. ते उशिरा घरी आले तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“ताट झाकून ठेवलंय,” ती मान वर न करता म्हणाली. “गार झालं असेल. तुम्हाला चालतंच.”

उस्ताद ते गार जेवण जेवले. हे ती उजव्या कानाकडून बोलली असती तर बरे झाले असते, असे त्यांना वाटून गेले.

डुलक्या गेल्यावर समन्वय समितीने मुळाशी जायचे ठरवले. नळ्या तापतात कशाने, याचा सखोल अभ्यास झाला. नळ्या गोळीबाराने तापतात, असा निष्कर्ष निघाला. समितीने एकमताने गोळीबार थांबवण्याची शिफारस केली, आणि अधीक्षकांनी ती त्याच दिवशी अमलात आणली. सराव मात्र चालू राहिला पाहिजे होता. जवान रिकामी रायफल घेऊन पालथे पडत, नेम धरत, चाप ओढत आणि तोंडाने ‘ठो’ म्हणत. शेजारच्या खोलीत शांतता राखायची असल्यामुळे ‘ठो’ हळू म्हणावे अशी सूचना होती. सरावाची प्रगती वर कळवावी लागे, म्हणून टार्गेटांना ऑफिसातल्या पंचिंग मशीनने भोके पाडली जात. ही भोके सगळी बरोबर मधोमध पडत. दलाच्या इतिहासात इतकी चांगली टार्गेटे कधीच झाली नव्हती. नळ्याही एकदम गार. अधीक्षकांना प्रशस्तिपत्रक मिळाले आणि उस्तादांच्या पदापुढचा ‘प्रभारी’ शब्द निघाला. पाटी बदलायला आलेल्या रंगाऱ्यापाशी ते बराच वेळ उभे होते. त्यांना आनंद झाला होता. तो कोणाला जाऊन सांगावा, एवढे मात्र सुचत नव्हते.

मग स्पर्धेचा दिवस उजाडला. नगररक्षक दलाचा ताफा पाहायला लोकांनी गर्दी केली होती. पुढे शीतपेटीची गाडी, मागे घोंगड्यांची गाडी, तिच्यामागे पंखा आणि शेवटी, जागा उरली म्हणून, नेमबाज. बंदराचे रखवालदार चालत आले होते. डुलक्याने येताना कुठूनतरी एक खोके उचलून आणले होते.

नगररक्षकांचा पहिला नेमबाज पालथा पडला. त्याने नेम धरला, चाप ओढला आणि सवयीने हळूच ‘ठो’ म्हणाला. त्यामागोमाग रायफलही ठो म्हणाली. कित्येक महिन्यांत खरा आवाज न ऐकलेला तो माणूस इतका दचकला की त्याने रायफल सोडून दोन्ही कान धरले. गोळी बांधात कुठेतरी गेली. पुढच्यांनी कापूस घालून कसेबसे चालवले. पण चार गोळ्या होतात न होतात तोच नळ्या तापल्या, आणि नियमानुसार त्या शीतपेटीत गेल्या. तिथून घोंगडीत गेल्या. घोंगडीत जायच्या वाटेवर त्या कोमट झाल्या, आणि कोमट रायफलीवर सही करायचा अधिकार कोणाला याचा निर्णय समितीने अजून दिला नव्हता. उस्ताद आणि हेडक्लार्क एकमेकांकडे पाहत उभे राहिले. वेळ संपल्याची शिट्टी झाली.

पलीकडे डुलक्या गोळ्या झाडत होता, रायफल उभी करत होता, बसत होता, डोळे मिटत होता आणि पुन्हा उठत होता. बंदराचे बाकीचे रखवालदारही त्याचे पाहून तसेच करत होते. ढाल बंदराला गेली. नगररक्षक दल शेवटून पहिले आले.

बक्षीस द्यायला सर्व दलांचे महासंचालक आले होते. त्यांनी डुलक्याची पाठ थोपटली आणि सगळ्यांसमोर विचारले की आम्ही तुला मघापासून बघतोय, तू मधेमधे डोळे मिटून बसत होतास, ते काय करत होतास.  मेहुणा आता तरी काही मोठा शब्द शोधून बोलेल, अशी त्यांना आशा होती की भीती, हे त्यांचे त्यांनाच कळेना.

“काही नाही, साहेब,” डुलक्या म्हणाला. “थांबलो होतो.”

 उस्तादांना छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलल्यासारखे झाले. म्हटले एकदाचे कोणीतरी. आता सगळे संपेल, पंखा जाईल, खोली जाईल, खुर्चीही जाईल, आणि गेली तरी चालेल असे त्या घटकेला त्यांना अगदी मनापासून वाटले.

महासंचालकांनी ‘थांबणे’ हा शब्द दोनदा स्वतःशी उच्चारला. मग ते अधीक्षकांकडे वळले आणि हे आपल्याकडे का नाही, असे त्यांनी विचारले.

“आमचं त्यावर काम सुरू आहे, साहेब,” अधीक्षक म्हणाले.

अशा रीतीने प्रतीक्षा प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली. शीतकरण आणि उष्णीकरण हे दोन्ही कक्ष त्यात विलीन झाले. पण बंद कोणताच झाला नाही. उस्ताद केंद्राचे प्राचार्य झाले. अभ्यासक्रमात प्राथमिक थांबणे, प्रगत थांबणे आणि तप्त परिस्थितीत सामूहिक थांबणे असे विषय होते. वेळापत्रक सकाळपासून संध्याकाळपर्यंत इतके भरगच्च होते की प्रशिक्षणार्थ्यांना श्वास घ्यायलाही उसंत मिळत नसे. यापुढे प्रमाणपत्राशिवाय कोणालाही स्पर्धेत थांबता येणार नाही असा नियम झाला, आणि गतविजेता म्हणून डुलक्याला पहिल्याच तुकडीत बोलावण्यात आले.

तो आला, शेवटच्या बाकावर बसला आणि व्याख्याने चालू असताना डोळे मिटून राहिला. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकापुढे एक तापवलेली रायफल ठेवण्यात आली. बाकीचे उमेदवार ताठ बसले होते. कोणी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होते, कोणी मधेच मान डोलवत होते, म्हणजे थांबत असल्याचे परीक्षकांना स्पष्ट दिसावे. डुलक्याला खरीच झोप लागली. त्याची नळी सर्वांआधी गार झाली, कारण त्याने ती आल्याबरोबर सावलीत सरकवली होती. मग तोंडी परीक्षा. परीक्षक अर्थातच उस्ताद.

त्यांनी प्रश्न विचारला की या कालावधीत उमेदवाराने कोणती क्रिया केली. डुलक्या म्हणाला की कोणतीच नाही. उस्तादांनी खोलीचे दार बंद आहे ना ते पाहिले आणि आवाज अगदी खाली आणला.

“अरे, ‘प्रतीक्षा केली’ असं म्हण. पुस्तकात तेच आहे. एवढं म्हण आणि पास हो.”

“पण दाजी, मी झोपलो होतो.”

उस्तादांनी पेन उचलले, खाली ठेवले आणि परत उचलले. गुणपत्रिकेवर दोन सह्या लागत होत्या, आणि दुसरी सही हेडक्लार्कची होती. डुलक्या नापास झाला. थांबण्यास अपात्र, असा शेरा त्याच्या नावापुढे कायमचा पडला. नेमबाजीतून काढून त्याला बंदराच्या फाटकावर नेमण्यात आले, आणि पुढच्या वर्षीची ढाल कोणी जिंकली हे नीटसे सांगता येत नाही, कारण सगळेच प्रशिक्षित संघ शिट्टी होईपर्यंत थांबून राहिले होते.

फाटकावरचे काम डुलक्याला मानवले. जहाज येईपर्यंत तिथे काही करायचे नसते, आणि का करत नाहीस असे तिथे कोणी विचारत नाही. सुटीच्या दिवशी तो बहिणीकडे येतो. त्याने मनात काही ठेवलेले नाही. त्यामुळे उस्तादांना आणखीच अवघडल्यासारखे होते. बायको पुन्हा पूर्वीसारखी बोलते, जेवण गरम वाढते. त्या नापास करण्याबद्दल ती एका शब्दानेही बोलली नाही. एकदा फक्त जिन्यावर नवरा आणि भाऊ शेजारी शेजारी बसलेले पाहून दारातच थबकली, आणि आत जाऊन तिने दोघांसाठी चहा टाकला.

त्या दिवशी उस्तादांनी ठरवले होते की आज आपणही नुसते बसायचे. मेहुण्याने डोळे मिटले, त्यांनीही मिटले. थोडा वेळ बरा गेला. मग खालून पिशव्या घेऊन शेजारचे काका वर आले आणि जाता जाता त्यांनी विचारले, काय चाललंय?

“काही नाही,” डुलक्या म्हणाला.

“जरा महत्त्वाची चर्चा चालू आहे,” त्याच क्षणी उस्ताद म्हणाले, आणि उठून उभे राहिले.

वाचकांना उस्तादांचे हसू येत असेल तर खुशाल हसावे. पण ही गोष्ट वाचायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात एखादी तापलेली नळी कोणाच्याही मदतीशिवाय गार झाली असती. आता आतल्या खोलीतून कोणीतरी तुम्हाला हाक मारेल आणि इतका वेळ काय चालले होते म्हणून विचारेल. ‘काही नाही’ एवढेच उत्तर देऊन बघा. नाही जमणार. तुम्ही काहीतरी कामाचे नाव घ्याल, आणि पुस्तक थोडे उंच धराल.